अणुकचऱ्याच्या कामात यायचं असेल तर

दिवाळीला गावी गेले की एखादं तरी पोरगं ओट्यावर येऊन बसतं आणि विचारतं, "ताई, तू नेमकं करतं काय तिकडं?" आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलंय, पोरगी बॉम्बच्या कारखान्यात आहे. बाबा सांगतात, कचरा भरते. दोघांत बाबांचं जास्त बरोबर आहे.

मी मेकॅनिकल इंजिनीअर. गाव दारव्हा तालुक्यातलं, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. शेती सांभाळून बाबा विहिरी-बोअरच्या मोटरा काढायचे आणि उतरवायचे. मी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमधून २०१२ साली बाहेर पडले आणि तेव्हापासून किरणोत्सारी कचरा हाताळणारी यंत्रं बनवते. कुठल्या इमारतीत, कुठलं यंत्र, ते विचारू नका. तसं बंधन आहे. पण हे काम असतं कसं आणि आपल्याकडच्या पोरापोरींनी तिथवर पोचायचं कसं, हे सांगायला कुणाची मनाई नाही.

आधी कचरा कोणता ते समजून घ्या

सगळा कचरा एका पायलीने मोजू नका. सर्वांत जास्त गोळा होतो तो हलका कचरा: हातमोजे, फरशी पुसलेली फडकी, बुटांवर चढवायची कव्हरं, जुने फिल्टर, मोडकी हत्यारं. ढीग मोठा, किरणोत्सार थोडा. हा दाबून पिंपात भरतात, जळणारा असेल तर जाळून राख करतात, काही सिमेंटमध्ये घालून गोठवतात. दाबायचं यंत्र पाहिलं तेव्हा मला दारव्ह्याच्या जिनिंगमधली गाठी बांधायची प्रेसच आठवली. खोडही तीच: दाब काढला की माल फुगतो. कापसाच्या गाठीला पट्ट्या आवळता येतात, पिंपातल्या रबरी हातमोज्यांना काय आवळणार? झाकण कसं बसवायचं यावर माझे दोन महिने गेलेत. भरलेली पिंपं जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत जातात. थोडा तीव्र माल असेल तर तो साधारण चार मीटर खोल, विहिरीच्या कड्यांसारख्या नळकांड्यांत उतरवतात.

खरा जहाल कचरा आकाराने थोडा असतो. अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन आपल्या देशात टाकून देत नाहीत. ते आम्लात विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढून घेतात. मागे जो काही टक्के गाळ-रस्सा उरतो, त्यात जवळजवळ सगळा किरणोत्सार असतो. त्यात काच बनवायचं साहित्य मिसळून हजार अंशांच्या आसपास वितळवतात, ती काच स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात आणि झाकण दुरूनच वेल्ड करतात. ही कामं तारापूर, मुंबईतलं तुर्भे (ट्रॉम्बे) आणि तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला चालतात. डबे स्वतःच्याच उष्णतेने वर्षानुवर्षं तापलेले राहतात, म्हणून तारापूरच्या कोठारात त्यांना हवेने थंड ठेवतात. तिथे पंखा नाही. उंच धुराडं आहे. गरम हवा आपोआप वर चढते, खालून थंड हवा शिरते. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला ही रचना पाहून जो आनंद झाला, तो दिल्ली-मुंबईच्या बॅचमेटना काही कळला नाही.

आता एक आकडा डोक्यात ठेवा. या जहाल कचऱ्यातलं सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो, म्हणजे ३०० वर्षं गेली. ३०० वर्षांपूर्वी नागपुरात भोसल्यांचं राज्यही आलेलं नव्हतं. प्लुटोनियम-२३९ चं निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात, ते तर सोडूनच द्या. आपण घातलेला वेल्ड, बसवलेलं झाकण, ओतलेलं काँक्रीट आपल्या नातवंडांच्याही पुढे टिकायला हवं, आणि मध्येच उघडून "जरा बघतो" म्हणायची सोय नाही.

यात भौतिकशास्त्रवाले किती लागतात? थोडे. रसायनवाले बरे लागतात. बाकी टाकी, पाइप, पंप, क्रेन, फिल्टर, पंखा, झाकण. सगळं मेकॅनिकलचं.

आत शिरायचे रस्ते

भाभाच्या ट्रेनिंग स्कूलला जायचं तर बी.ई. किंवा बी.टेक. मेकॅनिकलला ६० टक्के हवेत. ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. गेटच्या (इंजिनीअरांची देशपातळीवरची परीक्षा) गुणांवर किंवा, त्या वर्षीच्या जाहिरातीत असेल तर, त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेवर मुलाखतीला बोलावणं येतं. निवड झाली की वर्षभर शिकवतात, विद्यावेतन देतात, आणि पास झालात की 'सायंटिफिक ऑफिसर सी' म्हणून घेतात, सातव्या वेतन आयोगाचा लेव्हल १०, मूळ पगार ५६,१००. बदल्यात काही वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड लिहून द्यावा लागतो. खुल्या गटाला वयाची अट २६ वर्षं, ओबीसीला आणि एससी-एसटीला सवलत आहे. दोन वर्षं स्पर्धा परीक्षांत घालवून मग इकडे वळू म्हणणारे याच अटीत अडकतात. जाहिरात दर वर्षी नव्याने आणि स्वतः वाचा, मोबाइलवर फिरत आलेलं चित्र पाहून अर्ज भरू नका.

अणुऊर्जा महामंडळही गेटवर इंजिनीअर घेतं. डिप्लोमावाल्यांनी आणि आय.टी.आय.च्या फिटर, टर्नर, वेल्डरवाल्यांनी स्टायपेंडरी ट्रेनीची, म्हणजे विद्यावेतन घेत शिकणाऱ्यांची, जाहिरात बघावी. मी शप्पथ सांगते, चांगला वेल्डर मिळवणं चांगला इंजिनीअर मिळवण्याहून अवघड आहे. आणखी एक वाट कुणी सांगत नाही: वेल्डचे एक्स-रेसारखे आरपार फोटो काढणारा रेडिओग्राफर. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी स्रोत हाताळायला शिकवतात, काम पाइपलाइनीवर आणि बॉयलरवर मिळतं. इथून किरणोत्साराची शिस्त अंगात मुरते आणि पुढे बऱ्याच जागी उपयोगी पडते. खासगी मोठ्या कारखान्यांतही अणुक्षेत्राची टाक्या-यंत्रं बनतात. तिथे गुणवत्ता तपासणीत शिरलात तरी काम तेच.

एक गोष्ट आधीच सांगते, नंतर शिव्या नको. "मला कचराच हवा" म्हणून कचरा मिळत नाही. विभाग तुमच्या क्रमांकावर आणि त्यांच्या गरजेवर ठरतो. मला अणुभट्टीचं डिझाईन हवं होतं. कचऱ्यात टाकलं तेव्हा हॉस्टेलच्या गॅलरीत रडले होते. मैत्रीण म्हणाली, सफाई कामगार झालीस. आता तीच फोन करून विचारते, तुमच्याकडे जागा आहे का.

मुलाखत

मुलाखत तासभर चालते आणि बहुधा तुमच्याच आवडीच्या विषयावर घेतात. म्हणून दोनच विषय सांगा, पण असे की त्यांचा तळ तुम्ही स्वतः पाहिलेला असेल. मी उष्णतावहन सांगितलं. समोरच्या सरांनी माझ्या अर्जावर यवतमाळ जिल्हा वाचला आणि विचारलं, "तुमच्याकडे कूलर लावतात ना? मग मुंबईत का लावत नाहीत?"

हे सोपं होतं. मुंबईची हवा आधीच ओली, खसाच्या टट्टीतून पाणी उडणार कुठे? पुढचा प्रश्न आला: "दार-खिडकी लावून कूलर चालवला तर?" चिकचिक होते, म्हटलं, हवा बाहेर जायला वाट नाही. "आणि फट असेल तर त्या फटीतून हवा कुठून कुठे जाईल?" आतून बाहेर. कूलर हवा आत ढकलतो, खोलीत दाब वाढतो.

सरांनी पाटीवर एक चौकोन काढला. "समजा या खोलीत अशी धूळ आहे की तिचा एक कणही बाहेर जाता कामा नये. मग पंखा कुठे लावाल?"

एवढा एक प्रश्न नीट सोडवला की आमच्या अर्ध्या इमारती समजतात. पंखा हवा बाहेर ओढणारा, त्याच्या आधी फिल्टर, आणि खोलीतला दाब बाहेरपेक्षा कमी. मग फट असली तरी हवा बाहेरून आतच शिरते. जितकी जागा घाण, तितका दाब कमी. कॉरिडॉरमधून खोलीत, खोलीतून सेलमध्ये (जहाल माल हाताळायची जाड भिंतींची बंद कोठडी), अशी हवा पायरीपायरीने घाणीकडे वाहते. गेटची पुस्तकं वाचाच, पण घरातला कूलर, सायकलचा पंप, चुलीचं धुराडं, पिठाच्या गिरणीचा पट्टा यांच्याकडे "असं का?" म्हणून बघायची सवय लावा. मुलाखत घेणाऱ्यांना सूत्रं ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो.

बाकी अभ्यासात पदार्थविज्ञान आणि वेल्डिंग हलक्यात घेऊ नका. स्टेनलेस स्टील गंजत नाही हे भांड्याच्या दुकानातलं वाक्य आहे. वेल्डच्या कडेला, तापलेल्या पट्ट्यात, नायट्रिक आम्ल ते कुरतडतं, म्हणूनच कमी कार्बनचं ३०४-एल वापरतात. का, ते शोधून काढा. हा प्रश्न दोनदा तरी विचारला जाईल.

माझा वॉशर

पहिल्याच वर्षी एका व्हॉल्व्हचं ब्रॅकेट माझ्याकडे आलं. चार बोल्ट, एम-८, खाली वॉशर. ताकदीचं गणित चोख होतं, ड्रॉइंग देखणं. आमच्याकडे एक तंत्रज्ञ काका होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, काही बोलले नाहीत. "मॅडम, उद्या सकाळी मॉक-अपवर या."

मॉक-अप म्हणजे खऱ्या सेलची हुबेहूब नक्कल, किरणोत्सार नसलेली. खऱ्या सेलला दीड मीटर जाडीची काँक्रीटची भिंत असते आणि तेवढ्याच जाडीची शिशाच्या काचेची पिवळसर खिडकी. पलीकडची वस्तू आहे त्याहून जवळ दिसते. वरून भिंत ओलांडून दोन लोखंडी हात आत गेलेले असतात: अलीकडे तुम्ही मूठ वळवली की पलीकडे चिमटा वळतो. चिमट्याला किती जोर लागतोय ते अर्धंमुर्धंच कळतं.

"काढा तुमचा व्हॉल्व्ह."

पहिला बोल्ट सैल व्हायला अकरा मिनिटं लागली. खांदे भरून आले. बोल्ट बाहेर आला, चिमट्यातून सुटला, आणि वॉशरसकट खालच्या जाळीत टिंग करून गेला.

"हा आता वीस वर्षं तिथंच," काका म्हणाले. "उरलेले तीन काढा."

चौथ्या ड्रॉइंगला ते "हां, निघेल" म्हणाले. तोवर चारचे दोन बोल्ट झाले होते. दोन्ही असे की पूर्ण सुटले तरी प्लेटमध्येच अडकून राहतील. डोकी मोठी, तोंड वर, सगळ्या सेलमध्ये एकाच पान्याने फिरणारी. वॉशर रद्द. जागेवर बसायला दोन निमुळत्या पिना, त्यातली एक मुद्दाम लांब, म्हणजे आधी एक शिरते, मग दुसरी. दोन्ही एकदम जुळवत बसावं लागत नाही. आणि क्रेनच्या हुकासाठी बरोबर गुरुत्वमध्यावर कडी, नाहीतर उचलताना वस्तू तिरकी होऊन अडकते.

हे शिकायला सेल लागत नाही. घरच्या दोन सांडश्या घ्या, दांड्यांना दीड-दोन हात लांबीच्या काठ्या बांधा, समोर आरसा ठेवा आणि फक्त आरशात बघत सायकलच्या मागच्या चाकाचा नट काढा. मग परत बसवा. नट हरवला तर नवा आणायला दारव्ह्याला जावं लागेल, हेही लक्षात ठेवा. कॉलेजमधल्या चार वर्षांत हा खेळ मला कुणी शिकवला असता तर काकांसमोर अब्रू वाचली असती.

पाइपांचे नंबर

बाबा मोटर काढायला बसले की खडूचा तुकडा माझ्या हातात असायचा. पाइप जसा वर येईल तसा त्यावर नंबर टाकायचा. मी एकदा म्हटलं, सगळे पाइप सारखेच तर आहेत. बाबा म्हणाले, "सारखे दिसतात वं. आटे कोणाचे कोणाशी रमले, थे तुले माहीत हाये का?"

जपानमधल्या फुकुशिमाला २०११ साली तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. आत साधारण ८८० टन वितळलेला गोळा आहे असा अंदाज आहे. तो काढायची सुरुवात म्हणून २०२४ मध्ये एक लांबच लांब दांडा आत ढकलायचा होता, मासे धरायच्या गळासारखा. ऑगस्टमध्ये काम सुरू होता होताच थांबवावं लागलं. कारण काय, तर दांडा पुढे रेटणारे पाइप चुकीच्या क्रमाने लावून ठेवले होते. पुढे नोव्हेंबरात नमुना बाहेर आला, एक ग्रॅमही नाही. ही बातमी मी बाबांना फोनवर सांगितली. खूप वेळ हसले, मग म्हणाले, "त्यायच्याकडे खडू नव्हता का?"

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात खोल खोदलेलं एक कोठार आहे. २०१४ साली तिथे एक पिंप आतून तापून फुटलं आणि किरणोत्सार पसरला. कोठार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. पिंपातलं पाणी शोषून घ्यायला मांजराच्या शौचासाठी विकतात ती माती घालायचे. कुणीतरी मातीऐवजी धान्यापासून बनवलेला प्रकार घातला. पिंपातल्या नायट्रेटच्या क्षारांसोबत धान्य म्हणजे सरपणच झालं. कृषी केंद्रात दुकानदार जसं म्हणतो ना, "तेच औषध आहे भाऊ, फक्त कंपनी वेगळी," तसं. आमच्या कामात फिटिंग बदललं, डिंक बदलला, फडक्याचं कापड बदललं, तरी कागद फिरतो आणि सह्या होतात. नव्या पोरांना याचा भारी कंटाळा येतो. ज्याला तो कायमचाच येतो त्याने दुसरी नोकरी बघावी.

अंगावरचं उतरवणं

कपडे घालायला कुणालाही जमतं. उतरवताना माणूस चुकतो. बाहेरचे हातमोजे आधी. मग सूट आतली बाजू बाहेर करत, गुंडाळत खाली. बुटावरचं कव्हर काढलेला पाय थेट रेषेच्या पलीकडे, मधे टेकवायचा नाही. मास्क त्यानंतर. आतले हातमोजे सगळ्यात शेवटी. मग हात-पाय मशीनवर तपासायचे, आणि मशीन ओरडलं तर लाजायचं नाही, धुवायचं.

२०१७ च्या पावसाळ्यात मी सुट्टीवर आले होते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या शेजारचे काका वाचले, पण पंधरा दिवस दवाखान्यात होते. मी त्यांना विचारलं, तोंडाला काही बांधलं नव्हतं का? बांधला होता, म्हणाले, दुपट्टा. त्याच दुपट्ट्याने ते घाम पुसत होते, त्याच हाताने बांधावर तंबाखू मळत होते. त्या संध्याकाळी मी ओट्यावर आठ-दहा जणांना हातमोजे काढून दाखवले: एका हाताने दुसऱ्याचा मनगटापासून उलटा ओढायचा, तो मुठीत धरायचा, मग उघड्या बोटाने दुसऱ्याच्या आतून. बाहेरच्या बाजूला कातडी लागता कामा नये. हातमोजे घालून चुन्याच्या पाण्यात हात बुडवा आणि काढायचा सराव करा. मोजे काढल्यावर हातावर पांढरा डाग दिसला की चुकलात.

घरचे काय विचारतील

केस गळतात का, मूल होतं का, स्थळ येईल का. आईने तिन्ही विचारलं. उत्तरं आकड्यांत द्या, धीर देण्यात वेळ घालवू नका. अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (अंगाला लागलेला किरणोत्सार मोजायचं माप) मर्यादा घातली आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायचं नाही. जमीन, आकाश, अन्न यांतून जगभर माणसाला सरासरी २.४ मिळतातच. छातीवरच्या बिल्ल्यात माझा हिशेब असतो आणि बहुतेक वर्षी माझा आकडा त्या २.४ च्या खाली राहिला आहे. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर मिळता कामा नये असा नियम आहे. मी कळवलं त्याच आठवड्यात माझं टेबल ड्रॉइंग ऑफिसात हललं. मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि केस माझ्याहून दाट.

कागद

हे शेवटी लिहिते, पण कराल सगळ्यात आधी. दाखला, आधार, जातीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगने आहे का ते पाहा. माझ्या दाखल्यावर बाबांचं नाव एक आणि सातबारावर दुसरं होतं. ते निस्तरायला तहसीलच्या सात चकरा झाल्या. निवडीनंतर पोलीस चौकशी होते. आमच्याकडे जमादार आले ते बरोबर दुपारी, बाबा विहिरीवर असताना. गावात तासाभरात बातमी, अमक्याच्या पोरीने मुंबईत काहीतरी केलं. जमादारांनी विहिरीच्या काठावरच बसून विचारलं, पोरगी कशी आहे, वागणूक कशी आहे. बाबा पाइपाला पाना लावून उभे होते. म्हणाले, "नंबर बरोबर टाकते."

जमादारांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागल्या, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स दारव्ह्याहून काढून आणा.